नाव घ्या आणि पैसे पाठवा

माझी आई नागपुरात शेजारणींना सांगते की पोरगी पुण्यात मोबाइल कंपनीत आहे. बाबा सांगतात, बँकेत आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आमची कंपनी मोबाइलवरून पैसे ठेवायचं, पाठवायचं, विमा उतरवायचं एक अ‍ॅप तयार करते आहे, आणि ते तयार होण्याआधी गावोगाव हिंडून लोकांना विचारायचं, की बाबांनो, तुम्ही पैशाचे व्यवहार कसे करता, आणि आम्ही केलेलं हे तुमच्या हाताला बसतं का, हे माझं काम. थोडक्यात सांगायचं तर लोकांच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. असा धंदा असतो हे मलाही नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं.

या जानेवारीत अशाच कामासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यात जाऊन आले. पथकाची प्रमुख मी. पथकात मी, कार्तिक आणि भाड्याची गाडी. कार्तिक बंगळूरचा. अ‍ॅपच्या पोटातली सगळी यंत्रं त्याच्या हातची. त्याला मराठीतले चारच शब्द येत होते: हो, नाही, भाकरी आणि बास. त्यातला 'बास' तो जेवताना कधी वापरत नसे.

निघण्यापूर्वीच डोक्यावर एक ओझं होतं, ते आधी सांगते. आमच्या अ‍ॅपला आवाजाचं कुलूप आहे. आकडे टाकायचे नाहीत, अंगठा टेकवायचा नाही, बोललं की उघडतं. ही कल्पना माझी. ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही आणि कामं करून करून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या आहेत, त्यांच्यासाठी मी ती लढून लढून घालून घेतली होती. साहेबांना ती पहिल्यापासून नको होती. अशा वयस्कर बायका मोबाइलला हातच लावणार नाहीत, उगाच खर्च, असं त्यांचं म्हणणं. शेवटी असं ठरलं की या दौऱ्यात कुलूप चाललं तर राहील, नाहीतर काढून टाकायचं. मला काहीही करून ते वाचवायचं होतं.

कुलूप चालायचं कसं, तर साधं. फोन विचारायचा, 'आपलं पूर्ण नाव सांगा.' बाईनं स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, असं कागदावर असतं तसं बोलायचं. फोन आवाज ओळखायचा आणि दार उघडायचं. ऑफिसातल्या झाडून सगळ्या मुलींवर करून बघितलं होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

लोणंद

लोणंदला पोचलो तेव्हा कांद्याचा बाजार ऐन भरात होता. डोळ्यांतून पाणी काढतच माझी पहिली मुलाखत झाली, आणि समोरच्या बाईला वाटलं पोरीला काहीतरी दुःख आहे. तिनं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं, आणि लग्न झालंय का ते विचारलं. मग आम्ही बाजारातल्या बायकांच्या हातात फोन दिला. एकीनं तर नवऱ्याचं नाव असं ठणकावून घेतलं की पलीकडच्या गाळ्यातून नवराच 'काय गं?' म्हणत आला. फोन मात्र दर वेळी पटकन उघडला. कार्तिक खूश, मी त्याहून खूश.

दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांना विचारलं तर एकमेकींकडे बघून 'उद्या या' म्हणाल्या आणि पाट्या उचलून चालू लागल्या. आम्ही लिहून घेतलं, 'वेळ नव्हता.' त्यापुढे विचार केला नाही.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. आमच्या नागपुरात तर्री पोह्यांवर घालतात आणि माणूस घाम पुसत पुसत खातो, म्हणून मला तिखटाचं काही वाटत नाही अशी माझी समजूत होती. ती लोणंदच्या मिसळीनं बरीच दुरुस्त केली. कार्तिकनं दोन प्लेटी खाल्ल्या आणि तिसरी मागवायला मला दुभाषी केलं. त्याच खुशीत मी साहेबांना फोन लावून सांगितलं की कुलूप एकदम पक्कं आहे. बाप्पा, किती घाई असते माणसाला.

माण

दहिवडी सोडून पुढे गेलं की जमीन बदलते. हिरवं मागे पडतं, बोडके डोंगर आणि लांबच लांब माळ सुरू होतात. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात, खाली शाळू ज्वारीच्या पट्ट्या उभ्या, आणि मधे कुठेतरी मेंढरांचा पांढरा-काळा पुंजका हळूहळू सरकत असतो. मला हा मुलूख आवडला. डोळ्यांना इतकं मोकळं नागपूर सोडल्यापासून वाटलं नव्हतं.

गावातले पुरुष बहुतेक मुंबईला, माथाडी कामाला नाहीतर कुठे कुठे. राहिलेल्या बायका मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आमच्यासाठी जमल्या होत्या. त्यांत पुढे बसली होती हौसाबाई. साठीच्या पुढची, उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. आयुष्य मेंढरांमागे हिंडण्यात गेलेलं. आता मेंढरं पुतण्याकडे आणि हिच्याकडे दारच्या शेळ्या. आवाज असा की या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावरची शेळी मान वर करेल. मी मनात म्हटलं, आवाजाच्या कुलपाला हिच्याइतकं बरं गिऱ्हाईक मिळायचं नाही.

तिला काय हवंय हे तिला नेमकं ठाऊक होतं. तिची नात पूनम मिरजेला नर्सिंग शिकते. पूनमचा बाप मुंबईहून तिचा खर्च पाठवतो, त्यात काही कमी नाही. पण हौसाबाईला शेळ्यांच्या पैशातून नातीला दर महिन्याला आपलं म्हणून काहीतरी पाठवायचं होतं. खातं होतं, पैसे होते, पण गावात बँकेचा जो माणूस मशीन घेऊन यायचा, त्या मशीनवर हिचा अंगठा उठत नसे. लोकर कातून, दोर ओढून बोटं गुळगुळीत झालेली. मग दहिवडीला जा, रांगेत उभी राहा, पोराला फोन कर, सुनेला कळव. सगळ्या घरादाराला कळल्याशिवाय हिचा एक रुपया हलत नव्हता.

"पोरीला सांगून बसलीया मी, आता दर म्हैन्याला मी धाडनार म्हनून," ती म्हणाली. "तुमचं ह्ये यंत्र बोलल्यावर उघडतंय म्हंत्यात. मंग दे हिकडं."

मी दिलं. फोननं विचारलं, आपलं पूर्ण नाव सांगा. हौसाबाई म्हणाली, "हौसाबाई." मग थांबली. मग आडनाव सांगितलं. फोन म्हणाला, 'नाव अपूर्ण आहे.' पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दुसऱ्या बाईला दिला, तिचंही नाव अपूर्ण. तिसरी हसायलाच लागली आणि पदरात तोंड लपवून पळाली. तरण्या सुना होत्या त्यांचं पटापट होत होतं, आणि पन्नाशीपुढच्या एकजात अपूर्ण.

आता माझी अक्कल बघा. मराठी बाई मी, मराठी घरात वाढलेली, आणि मला वाटलं नेटवर्क गेलं. कार्तिकला वाटलं वयस्कर आवाज पकडायला माइक कमी पडतोय. तो फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. तिथे नेटवर्क भरपूर होतं. खाली उतरून त्यानं मोठा माइक काढला, त्यावर ते मऊ फोमचं टोपडं असतं, ते एका करडानं बघता बघता ओढून खाल्लं. करडाला काही होईल म्हणून मी घाबरले, तर हौसाबाई म्हणाली की त्यानं परवा चप्पल खाल्लीय, ह्ये काय. या सगळ्यात दुपार झाली आणि ती आम्हाला घरी जेवायला घेऊन गेली.

जेवण काय होतं ते सांगायलाच हवं. चुलीवरची बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि खर्डा. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या बोटभर वळ्या, लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेल्या. आमच्याकडे हा प्रकार नाही, आणि का नाही याचं मला आता वाईट वाटतं. कार्तिकनं 'भाकरी' हा शब्द इतक्या वेळा वापरला की हौसाबाईला तो जन्मापासूनचा माणदेशी वाटू लागला.

हौसाबाईचे मालक, बिरूबा, ओसरीवर काठी टेकून बसले होते. लालभडक पटका, डोळ्यांत मिश्किली, ऐकायला जरा कमी. आमची माइकची चर्चा त्यांनी बराच वेळ ऐकून घेतली आणि मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तिला जमायचं न्हाई ते. ती माझं नाव घ्यायची न्हाई."

कार्तिक माझ्याकडे बघत होता. त्याला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं, कारण सकाळपासून टाकीवर चढलेला तो होता. माझी आई बाबांना नावानं हाक मारते आणि तीही चार घरांना ऐकू जाईल अशी, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. कागदावर बाईच्या नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव लिहायचं, आणि तोंडानं मात्र ते काढायचं नाही. यात अडकलेल्या बायकांना आम्ही सकाळपासून फोनपुढे उभं करून पूर्ण नाव विचारत होतो.

बिरूबांना आमची दया आली असावी. ते म्हणाले, त्यात काय, माझं नाव मी सांगतो. फोन ओढून घेतला आणि खणखणीत आवाजात हौसाबाईचं पूर्ण नाव सांगितलं. फोन म्हणाला, 'आवाज जुळत नाही.' आजोबांना ते लागलं. माझं नाव मला ठावं न्हाई व्हय, असं ते फोनलाच विचारत राहिले.

मी हौसाबाईला म्हटलं, आजी, फक्त एकदाच घ्या, इथे कोण ऐकतंय. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी अचरट बोलले.

"असं नागडं नाव घेत्यात व्हय, पोरी?" ती म्हणाली. "सनावाराला घेतू की. उखान्यात."

आणि तिनं डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला, आणि फोन तोंडाशी धरून सुरुवात केली:

"माळावरच्या बाभळीला पिवळी पिवळी फुलं..."

'नाव अपूर्ण आहे,' फोन म्हणाला. त्याला जेमतेम चार सेकंद ऐकायची सवय होती. बाई बाभळीपाशी होती तोवरच त्यानं दार लावून घेतलं. तिनं पुन्हा म्हटलं, याही वेळी बाभळीलाच अडलं. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, त्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. मग एकेक जण पुढे आली. मी जाऊ, मी भरभर घेते. पण उखाणा भरभर घेतला तरी नाव शेवटीच येणार. तासभर ओसरीवर नुसता उखाण्यांचा धुमाकूळ. कामाचं वाटोळं झालं होतं आणि मला इतकं हसू कित्येक दिवसांत आलं नव्हतं. कार्तिकला एकेक उखाणा समजावून सांगताना माझे नाकी नऊ आले, पण तो वहीत लिहून घेत होता.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. तेही आधी खूप हसले. मग म्हणाले, हसण्यावारी नेऊ नकोस, हेच मी पहिल्यापासून सांगत होतो. शनिवारी सकाळी व्हिडिओवर मला दाखव. ती बाई, तिचा फोन, तिच्या हातानं पैसे गेले पाहिजेत. नाही गेले तर कुलूप काढायचं आणि अंगठा ठेवायचा.

हौसाबाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं शेळीला पाला टाकला, हात झटकले. "मंग माझं काय? जमंल का न्हाई त्ये खरं सांग."

मी म्हटलं, प्रयत्न करते आजी, शब्द देत नाही. तिनं मान हलवली. तिची निराशा झाली होती आणि ती लपवायच्या फंदात ती पडली नाही.

मिरज

मिरजेत कार्तिकचा नवा जन्म झाला म्हटलं तरी चालेल. खाणावळीतल्या बाईंनी पहिल्याच वाक्यात कानडी काढलं आणि त्याचा चेहरा जो उजळला, तो दोन दिवस तसाच. माणमध्ये मी त्याची दुभाषी होते, इथे तो माझा झाला. खाणावळीतल्या बाई त्याच्या ताटात न विचारता वाढायच्या आणि मला विचारून.

तो लॉजच्या खोलीत यंत्र उघडून बसला. मी दवाखान्यांच्या भागात हिंडून पेशंटच्या नातेवाइकांना भेटत होते. मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, सोलापुराकडून, कुठून कुठून माणसं येतात, आणि त्यांच्यातला एक जण कायम झाडाखाली उभा राहून गावी फोन लावून पैशांची जुळवाजुळव करत असतो. तिथे जे ऐकलं ते वेगळ्याच कामाचं होतं, त्यावर आता मोठं टिपण लिहिलंय. येताना सतारवाल्यांच्या गल्लीतून आले. दुकानांतून वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी, एकेक भोपळा घागरीएवढा. यातला एक आईला भाजीला पाठवावा असं मी म्हटलं तर दुकानदारानं माझ्याशी बोलणंच सोडलं.

पूनमला हॉस्टेलच्या दारात भेटले. पांढरा गणवेश, वेणी घट्ट, आजीसारखीच उंच. तिच्यासाठी सांगलीचं भडंग घेऊन गेले होते, ते तिनं मैत्रिणींत वाटून मगच तोंडात टाकलं. तिला सगळं कळलं होतं. आजीनं तीनदा फोन केला होता.

मी तिला म्हटलं, बाबा पैसे पाठवतातच ना मग? ती म्हणाली, "बाबांच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, ताई. आजी म्हणते, माझ्या पैशाचं तुला वाटेल ते कर." मग म्हणाली की आजीनं आयुष्यात कुणाला स्वतःहून काही दिलं नाही, कारण दर वेळी कुणाच्या तरी हातून द्यावं लागलं. "तिला एकदा देऊ दे."

मी तडक लॉजवर गेले आणि कार्तिकच्या डोक्यावर बसले. त्यानं दोन गोष्टी केल्या होत्या. एक, फोनचा धीर वाढवला, आता तो उखाणा संपेपर्यंत ऐकणार होता. बाईनं एक उखाणा फोनला शिकवायचा आणि दर वेळी तोच म्हणायचा. दुसरी गोष्ट त्यानं करून बाजूला ठेवली होती. त्यात फोन शब्द बघतच नव्हता, नुसता आवाज ओळखत होता. पण ती पुरेशी पारखून झालेली नव्हती, साहेबांना न विचारता ती काढायची नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, पहिली पुरे आहे. पाठ केलेला उखाणा म्हणायला काय लागतं!

शनिवार, पुन्हा माण

हौसाबाईच्या अंगणात निम्मं गाव होतं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. बिरूबा तिच्या अगदी शेजारी, बाजेवर बसले होते. एका पाटावर लॅपटॉप ठेवला, त्यात साहेब. बायकांनी त्यांना बघून पदर सारखे केले.

आधी उखाणा शिकवायचा. हौसाबाईनं फोन हातात धरला आणि घेतला:

"चुलीवर शिजत्यात हुलग्याची शेंगोळी,
बिरूबाचं नाव घेती, दारी काढून रांगोळी."

फोननं ऐकून घेतला. बायकांनी वा वा केलं. मी कार्तिककडे बघून हसले. आता पैसे पाठवायचे. स्क्रीनवर पूनमचा फोटो होता, त्यावर आजीनं बोट ठेवलं. फोन म्हणाला, आपला उखाणा सांगा. आजीनं घसा साफ केला.

"मेंढ्या गेल्या घाटावर, कोकरू ऱ्हायलं दारी,
बिरूबाचं नाव घेती, भाकर त्यांची न्यारी."

'शब्द जुळत नाहीत,' फोन म्हणाला.

मी पुढे झाले. आजी, तो नाही, मघाचा. शेंगोळीचा. तिनं हो म्हटलं, आणि पुन्हा सुरू केलं, तर बाभळीची फुलं! या वेळी तो शेवटपर्यंत गेला आणि ऐका सारी मुलं असं म्हणून तिनं पोरांकडे हात केला. 'शब्द जुळत नाहीत.' मी तिचा हात धरून अगदी काकुळतीला येऊन सांगितलं की आजी, तोच म्हणा हो, तोच म्हटला तरच उघडतं.

"एकदा घेतलेला परत?" ती म्हणाली. "शिळा उखाना कोन घेतं? ह्या बाया हसतील मला."

आणि त्या बायांनी एकमुखानं मान डोलावली. एक म्हणाली, व्हय की, तोच तोच घेतला तर बाईला दुसरा येत न्हाई असं हुतंय. मला रडावं की हसावं कळेना. लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, शांत आणि समजूतदार, आणि तोच मला सगळ्यात जास्त लागला. ठीक आहे, ते म्हणाले, आपण प्रयत्न केला, आता गावकऱ्यांचा वेळ घ्यायला नको. हौसाबाईनं फोन मांडीवर ठेवला. ती माझ्याकडे बघतही नव्हती, पूनमच्या फोटोकडे बघत होती.

कार्तिकनं मला विचारलं, आजी काय म्हणते. मी वैतागून सांगितलं की तिला दर वेळी नवा हवाय. तो मोठ्यानं हसायला लागला. फोन घेतला, पाच-सहा ठिकाणी बोट लावलं, आणि सरळ साहेबांना सांगितलं की बाजूला ठेवलेलं ते दुसरं मी आता चालू करतोय, रागवायचं तर नंतर रागवा. मग मला समजावलं. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचा तर माणूस जरा वेळ बोलावा लागतो. नाव फार लहान पडतं. आजीचे तीन उखाणे आता फोननं ऐकले आहेत. तिला म्हणावं, हवा तो घे, जितका लांब तितका बरा.

मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिनं फोन उचलला, पूनमच्या फोटोवर पुन्हा बोट ठेवलं, आणि मग नजर गेली ती लॅपटॉपमधल्या साहेबांकडे. थोडा विचार केला. पदर पुढे ओढला.

"पुन्याचं सायब आलं, डब्यात जाऊन बसलं,
बिरूबाचं नाव घेतलं, तवा कुठं हसलं."

साहेब खरोखरच हसले, आणि तेवढ्यात फोन म्हणाला, पैसे पाठवले. अंगणात एकदम गलका झाला. हौसाबाई मला विचारत होती, गेलं? खरंच गेलं? मी सांगायच्या आधी तिचाच फोन वाजला. पूनम होती. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. हौसाबाई नुसती व्हय, व्हय म्हणत होती, आणि शेवटी म्हणाली, "कुनाला सांगू नगंस किती हाय त्ये." माझा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते मी पुसलेसुद्धा नाहीत, तिथे कांदा नव्हता तरी.

साहेब म्हणाले, कुलूप राहू दे. मग जरा चाचरत म्हणाले, आजींना विचार, आणखी एक घेतील का, घरी ऐकवायचाय.

या सगळ्या वेळात बिरूबा हौसाबाईच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, ज्या कानानं ऐकू येतं तो तिच्याकडे करून. गलका झाला तसे उठले, आणि मी शेळ्या बघून येतो म्हणून निघून गेले. शेळ्या समोरच बांधलेल्या होत्या.

पुण्याला परतल्यावर

कुलूप पक्कं झालं. आता फोन नाव विचारत नाही, उखाणाही विचारत नाही. नुसतं म्हणतो, 'थोडं बोला.' आज जेवायला काय केलं ते सांगितलं तरी उघडतो. लोणंदच्या त्या दोन म्हाताऱ्यांनाही पुन्हा जाऊन भेटले. त्या नणंद-भावजय निघाल्या. नणंदेनं फोनला पाऊण मिनिट भावाची तक्रार सांगितली आणि दार उघडलं.

दीडेक महिन्यानं हौसाबाईला फोन केला, कसं चाललंय विचारायला. पूनमला दुसऱ्यांदा पैसे गेले होते, त्यातून तिनं म्हणे बूट घेतले. अंगणातल्या बाकीच्या बायकाही आता फोन मागायला लागल्या होत्या. सगळं छान होतं, पण एक तक्रार होती. बॅटरी पुरत नव्हती. मी म्हटलं, महिन्यातून एकदा पैसे पाठवायला बॅटरी कशी संपेल?

"आगं, ह्ये हाईत न्हवं आमचं," ती म्हणाली. "सकाळ झाली की म्हंत्यात, शिल्लक किती हाय बघ. म्हटलं, काल बघितली की. तर म्हंत्यात, आज परत बघ. जेवलं की परत. आन् जवळ येऊन बसत्यात, कान लावून. लगनात घेतलं हुतं तवा ह्यास्नी कुटं ऐकू आलं हुतं, वाजंत्री वाजत हुती."

मी हसत हसत म्हटलं, आजी, मग सोपं आहे की. आता नाव घ्यायची गरजच राहिली नाही. उखाणा नको, काही नको, नुसतं पावसापाण्याचं बोललात तरी उघडतं.

मागून शेळी ओरडल्याचा आवाज आला. मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज इतका खाली आणला, की तिचा आवाज इतका खाली येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यास्नी सांगू नगंस."